हंगामाची पुली

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. पत्नीला नाही — तिच्या शेवटच्या आजारात उशाशी बसून असायचो, तेव्हाही नाही. माझ्या हाताखाली शिकलेल्या मुलांना नाही. त्यांतल्या एकाला कळलं असावं असं मला वाटतं, पण त्यानं विचारलं नाही आणि मी बोललो नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं. तसं झालेलं नाही. ही चौथी सुरुवात आहे.

दोन महिन्यांपूर्वी, मार्गशीर्षात, तुकाराम वारला. खालापूर तालुक्यात पाताळगंगेच्या काठी त्याचं गाव. वीस वर्षं हा माणूस धरून चालला होता की आपली बायको आपल्या हातानं मेली. तसं नव्हतं. तसं नव्हतं हे मला ठाऊक होतं. त्याला मोकळं करायला एक वाक्य पुरलं असतं — आणि ते वाक्य मी वीस वर्षं तोंडात धरून बसलो.

थोडं मागं जावं लागेल. सरळ त्या वाक्यावर जाणं मला अजून जमत नाही.

मी मुंबईच्या एका कॉलेजात यंत्रशास्त्र शिकवत असे. मूळचा लोधिवलीचा. वडिलांची तिथं पिठाची आणि भाताची गिरण होती. इंजिनाच्या धडधडीत बसून मी बाराखडी गिरवली. कॉलेजात मला 'कारखानदार मास्तर' म्हणत. त्यात थट्टाच जास्त होती. बाकीचे प्राध्यापक संशोधन करत, निबंध लिहीत आणि कपाटात ठेवत. मला ते बघवत नसे. प्रयोगशाळेत जे साधलं ते चार माणसांच्या हातात पडलं पाहिजे, नाहीतर ते साधलंच नाही — असं मी वर्गात सांगायचो. एखाद्या विद्यार्थ्याचं काम जमून आलं की त्यालाच बरोबर घेऊन मी एक लहानशी कंपनी काढायचो. भाड्याची शेड, एक लेथ, दोन कारागीर. अशा तीन कंपन्या मी उभ्या केल्या. दुसरी आणि तिसरी चांगल्या चालल्या. सत्कार झाले, गळ्यात हार पडले. पण त्या दोन्ही पहिलीच्या जिवावर उभ्या होत्या, आणि ही गोष्ट पहिलीची आहे.

पहिली म्हणजे भात भरडण्याच्या यंत्राची. जुन्या यंत्रात भात घासलं जाई, दाणे मोडत, कणी फार पडे. माझ्या यंत्रात बिडाची एक चकती वेगानं फिरे आणि भात बाहेर फेकी. ते भोवतालच्या रबराच्या कड्यावर आपटून तूस सुटे, आणि दाणा अख्खा राही. कित्येक वर्षं मी त्याच एका चकतीचा विचार करत होतो. अरविंद नावाचा माझा विद्यार्थी होता — हुशार, अबोल. त्याला भागीदार केलं आणि चौकजवळ, मुंबई-पुणे रस्त्यालगत शेड घेतली. दर रविवारी मी तिथं जात असे. तसा आनंद मला पुन्हा कधी झाला नाही. हेही खरं आहे, म्हणून लिहितो.

त्या यंत्राचं सगळं मर्म चकतीच्या वेगात होतं. वेग कमी पडला तर तूस सुटत नाही. जास्त झाला तर? — कॉलेजात आम्ही एकदा वाळूच्या पोत्यांआड चकती ठेवून मुद्दाम वेग वाढवत नेला होता. चकतीचे तीन तुकडे झाले. एक तुकडा दोन पोती फाडून तिसऱ्यात रुतून बसला. तो मी माझ्या हातानं उपसून काढला. कोणत्या वेगाला फुटली तो आकडा वहीत लिहिला. म्हणजे मला माहीत होतं. अंदाजानं नव्हे — आकड्यानिशी माहीत होतं.

आणि आणखी एक गोष्ट मला माहीत होती, जी कॉलेजातल्या दुसऱ्या कुणाला माहीत असण्याचं कारण नव्हतं.

आमच्याकडच्या गिरण्या तेव्हा डिझेलच्या इंजिनावर चालत. इंजिनाच्या चाकावरून पट्टा यायचा तो यंत्राच्या पुलीवर. ही पुली जितकी लहान, तितकं यंत्र जोरात फिरणार. प्रत्येक गिरणीत भिंतीच्या खिळ्याला एक लहान पुली टांगलेली असे. तिला हंगामाची पुली म्हणत. भात झोडून झालं की डोंगराकडच्या वाड्यांतून गाड्या येत, आवारात रांग लागे, लोक चुली मांडून मुक्काम करत. एवढं भात नेहमीच्या वेगानं उरकत नसे. म्हणून दसऱ्याला इंजिनाची पूजा झाली की त्या पुलीलाही हळदकुंकू वाहायचं, नारळ फोडायचा आणि ती यंत्रावर चढवायची. होळीला उतरवायची. माझे वडील हेच करत. पुलीवर कुंकवाची बोटं ओढायचा मान माझा असे. त्यात कुणाला धोका वाटत नसे, कारण जुन्या यंत्रात धोका नव्हताच. दाणे जरा जास्त मोडायचे, इतकंच.

माझं यंत्र ज्या गिरणीत जाईल तिथं दसऱ्याला काय होणार, हे सांगायला मला कुठलं गणित मांडावं लागत नव्हतं.

म्हणून मी पाट्या करून घेतल्या. पितळी, तळहाताएवढ्या, ठळक मराठी अक्षरांत — 'नेमून दिलेल्या पुलीशिवाय दुसरी पुली लावू नये. चकती फुटून जिवाला धोका आहे.' पुडकं आलं, मी एक पाटी काढून उजेडात धरली. अक्षरं सुरेख आली होती. आणि मग माझ्या डोळ्यांसमोर गिरणवाले आले. चकती फुटून. जिवाला धोका. असलं यंत्र कोण घेणार? ऐन हंगामात ज्याचा वेग वाढवता येत नाही, ते कोण घेणार? पहिली काही यंत्रं जाऊ देत, नाव होऊ दे, मग लावू — असं मी ठरवलं. अरविंदनं एकदा विचारलं, "सर, पाट्या ठोकायच्या ना?" मी म्हटलं, "पुढच्या खेपेपासून." पुडकं माझ्या खांद्याच्या पिशवीत राहिलं.

तुकारामानं पहिल्याच वर्षी यंत्र घेतलं. उंच, संथ माणूस, शाळा चौथीपर्यंत. घरातलं बोलायचं काम त्याच्या बायकोकडे होतं. तिचं नाव अनसूया. यंत्रापाशी भिंतीला टेकून बसायची आणि निघालेले तांदूळ सुपात घेऊन पाखडायची. ती जागा तिची ठरलेली होती. यंत्र बसवायला मी स्वतः गेलो. पाटलोण घातलेला माणूस गुडघ्यावर बसून बोल्ट आवळतोय, याची तिला मोठी गंमत वाटली.

"लोधिवलीच्या गिरणवाल्याचं पोर ना तुमी?" ती म्हणाली. "येवढं शिकलात आनि परत गिरणीतच आलात व्हय, मास्तर?"

"गप गं," तुकाराम म्हणाला. "सायेब हायत ते."

"सायेब आसतील तिकडं म्हमईला. हितं तुसात बसलं का समदी सारकीच पांढरी."

मी हसलो. खरोखरच माझ्या केसांपर्यंत तूस गेलं होतं. पहिली खेप भरडून निघाली. तिनं सूपभर तांदूळ घेतले, पाखडले, कणी शोधत राहिली. फारशी सापडली नाही.  मग तिनं नवऱ्याकडे बघून मान हलवली. एवढी मोठी पावती मला कुठल्याही परिषदेत मिळाली नव्हती.

त्या दिवशी निघताना आणखी एक गोष्ट घडली. ती आत्ता सांगत नाही. सांगेन.

दसऱ्यानंतर महिनाभरानं, एका रविवारी, मी चौकच्या शेडमध्ये होतो. सकाळीच तुकारामाच्या गावचा एक माणूस सायकल दामटत आला. मी त्याच्याबरोबर गेलो. चकती फुटली होती. तुकाराम बाहेर इंजिनापाशी होता, म्हणून वाचला. यंत्राच्या पत्र्यातून तुकडा बाहेर आला तेव्हा अनसूया तिच्या ठरलेल्या जागी सूप घेऊन बसलेली होती. याहून जास्त मी लिहिणार नाही. त्यांची एकुलती एक मुलगी, यमुना, सहा वर्षांची. ती शेजारणीच्या पदराआडून माझ्याकडे बघत होती, कारण त्या घोळक्यात बूट घातलेला मी एकटाच होतो.

पोलीसपाटलानं बघून अंत्यविधीला परवानगी दिली. यंत्राची पाहणी करायला तालुक्याहून अधिकारी दुसऱ्या दिवशी यायचे होते. तिला उचलायच्या आधी तुकाराम माझ्यापाशी आला, कमरेची किल्ली काढून माझ्या हातात ठेवली. "सायेब, तुमी बगा काय झालं त्ये. मला काय उमजत नाय." मग सगळे नदीवर गेले. गावात म्हातारी माणसं तेवढी राहिली.

मी गिरण उघडली. यंत्रावर हंगामाची पुली होती. तिच्या पोटाशी दसऱ्याचं कुंकू अजून धरून होतं.

पिशवी माझ्या खांद्यालाच होती.

तुकारामाच्या पेटीतलं हातड्रिल घेतलं. यंत्राच्या दर्शनी बाजूला, बरोबर अनसूयेच्या जागेसमोर, दोन भोकं पाडली. पाटी ठेवली, रिव्हेट ठोकले. आवाज फार मोठा झाला. पितळ नवंकोरं, चकचकीत दिसत होतं. मग इंजिनाखालचं काळं तेल बोटावर घेऊन चोळलं आणि जमिनीवरचं बारीक तूस त्यावर दाबलं. पुसलं. परत दाबलं. ती पाटी पहिल्या दिवसापासून तिथं आहे असं वाटेपर्यंत. एकदा उठून दारात गेलो. नदीच्या बाजूला धूर वर चढत होता. परत आलो, तर कोपऱ्यातल्या अक्षरांवर तूस कमी पडलं होतं, ते नीट केलं.

घाबरला असाल, असं तुम्ही म्हणाल. घाबरलो होतो. पण घाबरलेल्या माणसाचे हात थरथरतात ना? माझे थरथरले नाहीत. दोन्ही भोकं एका रेषेत आली होती.

दुसऱ्या दिवशी अधिकारी आले. त्यांनी पाटी मोठ्यानं वाचली आणि तुकारामाला विचारलं, वाचता येतं का.

"येतं. चौथी झालीया."

"मग ही पाटी दिसली नाही?"

तुकाराम पुढे झाला. पाटीकडे बराच वेळ बघत राहिला. मी भिंतीला टेकून उभा होतो. आता हा म्हणेल, ही काल नव्हती. रोज तो त्या यंत्रापाशी उभा राहत होता. त्यानं म्हणायला काय हरकत होती?

"नाय दिसली, सायेब," तो म्हणाला. आणि मग, स्वतःशीच — "हितंच व्हती म्हंजे. माजंच ध्यान नव्हतं."

स्वतःच्या डोळ्यांपेक्षा त्यानं माझ्यावर विश्वास ठेवला. मला विचारलं गेलं तेव्हा मी म्हणालो, ही लहान पुली गिरणीत कुठून आली याची मला कल्पना नाही. ज्यानं दर दसऱ्याला पुलीवर कुंकवाची बोटं ओढली, तो हे म्हणाला.

गिरणवाल्याचा हलगर्जीपणा, असा निकाल झाला. त्याला कैद झाली नाही. पण गावात निकाल वेगळा लागतो. अनसूयेचे भाऊ त्या घराची पायरी पुन्हा चढले नाहीत. "लिवलेलं व्हतं समोर, तरी बहिणीला मारली," असं ते बाजारात सांगत. तुकारामानं गिरण बंद केली. मोहोपाड्याला रसायनांचे कारखाने उभे राहत होते, तिथं तो ओझी वाहायला गेला. दसऱ्याच्या दिवशी तो घरी थांबत नसे. सकाळीच उठून शेताच्या बांधावर जाऊन बसे आणि अंधार पडल्यावर येई. हे मला यमुनेनं सांगितलं.

आणि माझं? कंपनी वाचली. राहिलेल्या पाट्या मी अरविंदच्या हाती दिल्या, सगळ्या यंत्रांवर ठोकून ये म्हणून. त्यानं त्या घेतल्या. तुकारामाचं यंत्र गाडीवर त्यानंच चढवलं होतं. त्या यंत्राला पाटी नव्हती हे त्याला ठाऊक होतं. सरांनी बसवताना लावली असेल — असं तो स्वतःला सांगू शकत होता. बहुधा सांगत राहिला असेल. वर्षभरात तो सोडून गेला. मी चकती बिडाची बदलून पोलादाची केली, पत्रा जाड केला. हे आधी करता आलं असतं का? आलं असतं. यंत्र जड झालं असतं, महाग झालं असतं. पण करता आलं असतं.

अपघातानंतरच्या पौषात तुकाराम माझ्या मुंबईच्या घरी आला. दार उघडलं, तो उभा. मला वाटलं, याला कळलं.  त्यानं हातातली पिशवी खाली ठेवली आणि हात जोडले. "माज्यापायी तुमच्या यंत्राला बट्टा लागला, सायेब. मनात ठिवू नका."

पिशवीत नवे तांदूळ होते. उखळात सडलेले — गिरणीतले नव्हेत.

मी काय केलं असेल? चहा दिला. "होतं असं," म्हणालो. होतं असं! पुढच्या पौषात तो पुन्हा आला. त्याच्या पुढच्याही. दर वर्षी तीच पिशवी, तेच वाक्य, आणि परतीची गाडी चुकेल म्हणून तीच घाई. माझी पत्नी त्या तांदळाचं कौतुक करी. गोड, मऊ भात व्हायचा. तूप घालून आम्ही तो खायचो.

दर वर्षी ठरवायचो, या खेपेला सांगायचं. मग वाटायचं, दुसरी कंपनी जरा मार्गाला लागू दे. मग तिसरी. मग पत्नी आजारी पडली. सांगू नये यासाठी माझ्याकडे कायम काहीतरी असायचं.

आता ते राहिलेलं. मी इथपर्यंत आलो आहे, तर सांगतो. पाटी ठोकली ती भीतीपोटी. त्या पाटीबद्दल तरी मी मनाशी कधीकधी बोलू शकतो. हे त्याच्या आधीचं आहे.

यंत्र बसवून झालं, तेव्हा तुकाराम गाडी जुंपायला बाहेर गेला होता. अनसूयेनं मला पाण्याचा तांब्या दिला. मी पीत होतो तेवढ्यात तिनं विचारलं —

"मास्तर, ह्याला काय जपायचं हाय का? आमी आडानी मानसं. दसऱ्याला पुली बदालतो, हंगामात दिवसरात दामटतो. त्ये ह्याला चालंल ना?"

तिनं पुलीचंच विचारलं. तिनं नेमकं तेच विचारलं. भिंतीवर पुली टांगलेली होती, तिच्याकडे बोट करून विचारलं. पाट्यांचं पुडकं पिशवीतून माझ्या बरगडीला टोचत होतं. कुणी मेलं नव्हतं, कसली चौकशी नव्हती, भ्यायचं काहीच कारण नव्हतं. ऊन पडलं होतं, माझं यंत्र चाललं होतं, आणि एक बाई मला सरळ विचारत होती.

"काही नाही," मी म्हणालो. "तेल घालत जा."

तिचं समाधान झालं. तांब्या घेऊन ती आत गेली.

या पौषात दार वाजलं, तेव्हा दारात यमुना होती. आता ती मोहोपाड्याला बालवाडीत शिकवते. तुकाराम गेल्याचं मला तिच्याकडूनच कळलं. हातात तीच पिशवी. "बाबांनी सांगून ठेवलंय," ती म्हणाली, "मी नसलो तरी सरांचे तांदूळ चुकवू नको."

मी तिला बसवलं. पाणी दिलं. मग म्हणालो, यमुना, आता हे आणत जाऊ नकोस.

तिचा चेहरा उतरला. शिकलेली मुलगी आहे, नीट बोलते. पण त्या क्षणी घरचं बोलणं तिच्या तोंडी आलं. "आजून राग हाय का, सर? आमच्याकडून काय ऱ्हायलं आसंल तर सांगा."

"काही नाही," मी म्हणालो.

तिच्या आईला दिलेलंच उत्तर. वीस वर्षांनी, त्याच आवाजात. ती उठली, माझ्या पाया पडली आणि गेली.

तांदळाची पिशवी स्वयंपाकघरात तशीच आहे. मी ती सोडलेली नाही. यमुना येऊन गेली त्या दिवसापासून हे लिहितो आहे. याची पहिली प्रत यमुनेसाठी केली. पाट्यांतली एक माझ्याकडे उरली होती, ती प्रतीबरोबर बांधली. बंद गिरणीत ते फुटलं यंत्र अजून आहे. त्यावरची पाटी यमुना लहानपणापासून बघत आली आहे. अधिकाऱ्यांना मी काय सांगितलं, भोकं कशानं पाडली, वर काय चोळलं, सगळं तिच्या प्रतीत आहे. तिच्या आईनं काय विचारलं, तेही शब्द न बदलता आहे.

पार्सल आज सकाळी टपालात पडलं. तुम्ही हे वाचाल तोवर तिनं वाचलेलं असेल.